गावातलं घर सोडून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहायला जावं का?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. घरात पाडव्यापासून एकच विषय चाललाय, म्हणून इथे विचारतेय.

आम्ही जिंतूर तालुक्यातले. घरात सात माणसं: आजेसासूबाई, मामा-आत्या म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन लेकरं. रान गावापासून तीनेक किलोमीटर. खरिपाला कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बीला ज्वारी, हरभरा. रानात आखाडा आहे, पण नावालाच. चार पत्रे, एक बाज, औजारं आणि खताची पोती. जनावरं तिथंच असतात: बैलजोडी, एक लाल कंधारी गाय, एक म्हैस आणि शेळ्या. सालगडी होता तोवर भागत होतं. यंदा पाडव्याला तो दुसरीकडे लागला आणि नवा काही मिळाला नाही.

मामा म्हणतात, बैलबारदाना रानात आणि माणसं गावात असं किती दिवस चालवायचं, तिकडंच घर बांधू. यांचंही तेच. शेतीची वीज रात्री येते त्या रातपाळीच्या आठवड्यात मध्यरात्री मोटर चालू करायला जातात, परत येईस्तोवर माझा डोळा लागत नाही. आत्यांचा मात्र जीव होत नाही. त्यांचं एकच वाक्य, "उन्हाळ्यात तिथं पाण्याचा घोट नाही का सावलीचा तुकडा नाही." विहीर होळीपर्यंत साथ देते, नंतर बोअरची पिचकारी.

मला जावंसं वाटतं, हे आधीच सांगते. पण ज्या बाया खरंच आखाड्यावर, वस्तीवर, कोट्यावर राहतात त्यांच्याकडून ऐकायचंय. ऐन मे महिन्यातला दिवस कसा जातो? घर कसं बांधलं? लेकरांची शाळा, म्हाताऱ्या माणसांचं मन, याचं काय केलं?

बालाघाटी

जा ताई, बिनधास्त जा. आम्ही धारूरकडचे, डोंगरपट्ट्यातले. वस्तीवर आल्यापासून रानडुकरांनी भुईमूग उकरला नाही, रोह्यांनी तूर खाल्ली नाही. राखण ही अर्धी शेती आहे. गावात बसून राखण होत नाही.

भूमची_वस्ती

>>ज्या बाया खरंच आखाड्यावर राहतात

मी राहते. लग्न झाल्यापासून वस्तीवरच. सविस्तर लिहिते.

मे महिन्यात आमचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, कारण नऊनंतर बाहेरचं काम होतच नाही. उठल्या उठल्या चूल पेटवून पाणी ठेवायचं, शेण काढायचं, सडा टाकायचा, धारा काढायच्या. दूध सहाच्या आत डेअरीच्या गाडीवर गेलं पाहिजे, नाहीतर उन्हानं नासतं. मग भाकरी. सकाळीच दोन्ही वेळच्या थापून ठेवते आणि दुपारी चुलीसमोर बसत नाही, हा माझा नियम आहे. दुपारी ताक, कांदा, भुरका, शेंगदाण्याची चटणी आणि सकाळचं कोरड्यास. सासूबाई रात्रीच ज्वारीच्या पिठाची आंबील भिजत घालतात. सकाळी शिजवून ताक घातलं की अकरा वाजता प्रत्येकानं तांब्याभर प्यायची. उन्हाळ्यात आमच्याकडे चहापेक्षा आंबील जास्त लागते.

अकरा ते चार आत. पण आत म्हणजे बसून नाही. चिंचा फोडायच्या, डाळी करायच्या, ज्वारी निवडून कडुनिंबाचा पाला घालून भरायची. वाळवणाचं काम याच दिवसांत. ऊन म्हणजे ताप हे खरं, पण वर्षाच्या कुरडया, शेवया, सांडगे, पापड, मिरच्या याच उन्हावर होतात. गावात असताना माळवदावर वाळत घातलेलं शेळ्यांनी खाल्लं म्हणून भांडणं व्हायची, इथं ते नाही. चार वाजता सावली पूर्वेला सरकली की परत जनावरांचं पाणी, वैरण, धारा, शेणाच्या गोवऱ्या. साडेसातला जेवण, नऊला अंगणात बाजा टाकून आडवं.

आता खरं दुखणं. गावात दार लावलं की बाईचा दिवस संपतो. वस्तीवर संपत नाही, कारण काम दारातच बसलेलं असतं. बारदान्याला गाठ मारायची, पाहुण्याला चहा, मजुरांना पाणी, वासरू सुटलं तर धर, हे सगळं "तू घरीच आहेस ना" म्हणून तुझ्याकडं येतं. म्हणून जायच्या आधी ठरवून घे. मी तीन अटी घातल्या होत्या. न्हाणी आणि संडास आधी बांधायचा. पाणी नळानं चुलीपर्यंत आलं पाहिजे, घागर डोक्यावर घेणार नाही. आणि दुधाचे पैसे माझ्या खात्यात. तिन्ही पाळल्या गेल्या म्हणून मी आज सुखात आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवर त्या पाळल्या गेल्या नाहीत. ती बाई उन्हाळ्यात दोन फर्लांगावरून पाणी आणते आणि घरचे लोक "वस्तीवर लई मजा" म्हणून सांगत फिरतात.

मालदांडी

भूमच्या ताईंचा दुधाच्या पैशाचा मुद्दा छापून गावोगाव चिकटवायला पाहिजे.

तुळई

घराबद्दल लिहितो, कारण उन्हाळ्याचं अर्धं उत्तर घरातच आहे.

पत्र्याचं घर बांधू नका. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, आणि रात्री उशिरापर्यंत आतली हवा हलत नाही. आमचं जुनं घर माळवदाचं आहे. दोन-अडीच हात रुंद भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचण म्हणजे लाकडाच्या काटक्यांचा थर, मग पालापाचोळा, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. दुपारी बाहेर 43 अंश असताना आत गेलं की अंगावरचा घाम आटतो. छताला साणं असतं, त्यातून धूर आणि गरम हवा वर निघून जाते, उजेडही येतो. भिंतीत बळद, त्यात धान्य. रात्री माळवदावर झोपायचं. दरवर्षी मृगाच्या आधी वर नवी पांढरी टाकून धोपटायची, पन्हाळी साफ करायची, एवढाच खर्च. आपल्या हवेला यापेक्षा चांगलं घर कुणी शोधलेलं नाही.

तेरणाकाठ

तुळई दादा, माळवदाचा गारवा मलाही माहीत आहे. पण मी औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जी माणसं गेली, ती बहुतेक याच रुंद भिंती आणि याच मातीच्या छताखाली गेली. अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बोळवून लोक घरी येऊन झोपले होते. किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माझ्या आईच्या माहेरचं अर्धं घर त्यात आहे.

म्हणून नवीन घर बांधणाऱ्या कुणालाही "माळवदच बांधा" असं सहज सांगू नका, ही विनंती. दगड-मातीच्या भिंतीवर टनावारी माती चढवायची म्हणजे झोपलेल्या लेकरांवर ओझं टांगायचं.

तुळई

तेरणाकाठ, तुमचं दुःख मोठं आहे, त्यापुढे वाद घालणार नाही. एवढंच म्हणतो की पत्र्याच्या घरातही माणसाचे हाल होतात आणि ते हाल दरवर्षी होतात. दोन्हीच्या मधलं काहीतरी पाहिजे.

ओळंबा

मधलं आहे. मी बांधकामातला माणूस, भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडं घरांच्या दुरुस्तीची कामं जवळून बघितलीत.

त्या भिंती पडल्या त्या रुंद होत्या म्हणून नव्हे. भिंतीचे दोन पापुद्रे होते, आतला आणि बाहेरचा, मध्ये भर भरलेली आणि दोघांना बांधणारं काही नाही. हादरा बसला की पापुद्रे अलग झाले आणि वरचं छत खाली आलं. त्यावर उपाय साधे आहेत. दगडी भिंत बांधली तर दर थोड्या अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घाला. खिडकी-दाराच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. लाकडी खांब-तुळई असेल तर कोपऱ्यात तिरप्या आधाराच्या पट्ट्या मारा. आणि छतावर मातीचा ढीग नको.

मग गारवा कसा आणायचा? पूर्णाकाठ ताई, हे तुमच्यासाठी. घराची लांब बाजू दक्षिण-उत्तर तोंडाला ठेवा, पश्चिमेची भिंत लहान आणि बिनखिडकीची. पश्चिमेला न्हाणी, कडब्याची खोली किंवा औजारांची खोली काढा, म्हणजे उतरतं ऊन ती खाते. दक्षिणेला चांगली रुंद पडवी. स्लॅब घातला तर वर पांढरा चुना मारा, ऊन परतून जातं आणि आत चांगलाच फरक पडतो. पत्राच घालणं भाग असेल तर खाली बांबूच्या तट्ट्याचं छत करा, दोन्हींच्या मध्ये हवा खेळायला हातभर जागा सोडा आणि पत्र्याला वरून चुना. चुन्याला खर्च फारसा नाही, पण तो दर उन्हाळ्यात मारावा लागतो.

तिफण

आणि झाडं! घराच्या आधी झाडं लावा. कडुनिंबाची सावली पडायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर शेवगा आणि हदगा लावा, वर्षा-दीड वर्षात डोक्याच्या वर जातात, शेंगा-फुलंही मिळतात. पश्चिमेला दाट, पूर्वेला मोकळं.

आडातलं_पाणी

सगळे घरावर बोलायलेत. आत्याबाईंनी पहिलं नाव पाण्याचं घेतलंय आणि त्या बरोबर आहेत. जरा हिशेब मांडू.

माणसाला धुणं-भांडी-अंघोळ धरून 50 लिटर. सात माणसांचे 350. मोठं जनावर ऐन उन्हाळ्यात 70-80 लिटर पितं, चार जनावरांचे 300 धरा. शेळ्या, कोंबड्या, परसबाग मिळून आणखी 50. म्हणजे रोजचे 700 लिटर. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत शंभर दिवस धरले तर 70 हजार लिटर. पाच हजारांची प्लास्टिकची टाकी ठेवून "आमची सोय झाली" म्हणणाऱ्यांनी हे बघावं, ती आठवडाभर पुरते.

आता दुसरी बाजू. हजार चौरस फुटांचं छप्पर असेल आणि वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर त्यावर 65 हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं सोडून 50 हजार तरी हातात येतं. म्हणजे घराच्या छपरावर पडणारं पाणी जमिनीखालच्या हौदात साठवलं तर उन्हाळ्याची तीन हिस्से तहान तिथंच भागते. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, तोंडाशी वाळू-खडीची गाळणी, हौदाला पक्कं झाकण. अंधारात शेवाळ धरत नाही.

बोअरवर विसंबू नका. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. पाणी वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत असतं. भेग लागली तर लागली, नाहीतर आठशे फुटांवरही धूळच निघते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते शहर होतं, म्हणून रेल्वे आली. तुमच्या आखाड्यावर रेल्वे येणार नाही.

पूर्णाकाठ

बाप रे, हा हिशेब आजच रात्री मामांना दाखवते. आत्यांना तर वाचून दाखवलाच. त्या म्हणायल्यात, "बघ, मी म्हणत होते की नाही."

ओळंबा दादा, पश्चिमेला कडब्याची खोली ही कल्पना फार आवडली. पण कडबा भिंतीला लागून असला तर आगीची भीती नाही का?

ओळंबा

मोठी गंजी लांबच रचा, घरापासून निदान पन्नास पावलं, वाऱ्याच्या दिशेला नको. खोलीत फक्त आठवड्याची वैरण. चुलीची भिंत आणि कडब्याची भिंत एक नको.

रानपाखरू

मी सध्या पुण्यात नोकरीला, पण माझं बालपण अंबाजोगाईजवळच्या वस्तीवर गेलं. ही चर्चा वाचून जीव कासावीस झाला. पौषात ज्वारी हुरड्यात आली की आजोबा आगटी पेटवायचे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात गुळभेंडीची कणसं खुपसायची, भाजली की हातावर घेऊन चोळायची. आजोबांचे तळवे इतके रापलेले की निखाऱ्यावरून काढलेलं कणीस ते सरळ चोळायचे आणि फुंकर मारून हिरवागार दाणा आमच्या ओंजळीत टाकायचे. जवसाची चटणी, गूळ, घट्ट दही. आता रस्त्याकडेला पैसे देऊन हुरडा खातो तेव्हा चव तीच असते, पण उठून जायची वेळ ठरलेली असते.

मांजरा_मावशी

हुरडा निघाला म्हणून सांगते, वस्तीवर राहायला गेलात की येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, पाहुणे मोजायचे नाहीत. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं गाव ओस पडतं, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच पांडव मांडायचे, पूजा, आणि मग भज्जी-आंबील-उंडे. ज्याचं रान नाही त्यालाही हाक मारून जेवायला घालायचं, ही रीत. दुपारी कोपीत बसलं की लेकी-सुना, गडीमाणसं, वाटसरू सगळे एका पंगतीला.

तेरणाकाठ

मावशी, भज्जीत गाजर घालता का?

मांजरा_मावशी

गाजर घालते, बोरं घालते, हिरवी चिंच घालते. तूर, हरभरा, वाटाणा, वालाचे दाणे, मेथी, चाकवत, कांद्याची पात. जे रानात हिरवं आहे ते सगळं घालते. वर बेसन लावलेली आंबील. गाजर नसेल तर ती भज्जी नव्हेच.

भूमची_वस्ती

बोरं आमच्याकडे पूजेला, भज्जीत नाहीत. पण उंडे सजगुऱ्याचेच, म्हणजे बाजरीचेच पाहिजेत, त्यावर तडजोड नाही.

मालदांडी

धागा आखाड्यावरून भज्जीच्या पातेल्यात पडला. पूर्णाकाठ ताई, तुम्ही आता घर बांधाच, पुढच्या येळवशीला आम्ही सगळे जिंतूरला येतो.

पूर्णाकाठ

या की सगळे! आमच्याकडे येळवस लातूरइतकी जोरात नसते, पण तुमच्यामुळे चालू करू.

मूळ विषयावर येते. साप-विंचू आणि विजा, याबद्दल कुणी लिहाल का? लेकरं लहान आहेत, थोरली नऊ वर्षांची.

उपकेंद्र

मी आरोग्य विभागात काम करते, वस्त्या-तांडे फिरते. भीती घालायची नाही, पण हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावं.

आपल्याकडे सगळ्यात फसवा साप मण्यार. रात्री उबेला येतो, खाली झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं. पहाटे असं कुणाला झालं तर "काल काही खाण्यात आलं असेल" म्हणत बसायचं नाही, थेट ग्रामीण रुग्णालय. त्यावर साधा उपाय आहे: खाली झोपायचं नाही. बाज, आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. घरालगत गोवऱ्यांचा उडवा, विटांचा ढीग, पऱ्हाट्या नकोत. तिथं उंदीर येतात, उंदरामागं साप येतो. चावल्यावर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, देवळात न्यायचं नाही. अवयव हलू न देता दवाखाना. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालतं. 108 वर फोन करा, पण गावातली गाडी आधी मिळत असेल तर वाट बघू नका.

लाल विंचू लेकरांना जड जातो. दरदरून घाम, हातपाय गार, उलटी झाली तर वेळ घालवू नका. मूळ जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला राहून यावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं. त्याआधी विंचवानं किती लेकरं जायची, हे जुनी माणसं सांगतील. चपला झटकून घालायच्या, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही.

विजेचं: आपल्याकडे रोहिणी-मृगात आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. ढग दाटले की झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये, विहिरीच्या मोटरीजवळ, तारेच्या कुंपणाजवळ थांबायचं नाही. पक्क्या घरात जायचं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं मोबाइल ॲप आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. बैल सोडायला म्हणून ऐन वावटळीत धावत जाणारी माणसं जातात. ढग दिसायला लागले की बैल आधीच आणा.

गोदा_गुरुजी

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. आखाड्यावरची लेकरं हुशार असतात, काटक असतात, पण जून ते सप्टेंबर त्यांची हजेरी निम्म्यावर येते. कारण एकच, रस्ता. आपली काळी माती पावसात बुटाला असा पिंड धरते की नऊ वर्षांचं लेकरू तीन किलोमीटर चालूच शकत नाही. आणि हजेरी तुटली की पोरींची शाळा आधी सुटते, पोरांची नंतर. तुमची थोरली मुलगी आहे की मुलगा, माहीत नाही, मुलगी असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. रस्ता पक्का नसेल तर जाऊ नका, असंच माझं स्पष्ट मत आहे.

पूर्णाकाठ

मुलगीच आहे, गुरुजी. रस्ता निम्मा खडीचा, पुढं पाणंद आहे आणि ती एका शेजाऱ्यानं नांगरून अरुंद केलीय. बोलायला गेलं की भांडण.

सातबारा

भांडू नका, अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता असेल आणि कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करा. रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. गावनकाशा काढा. पाणंद नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेली असली तर तुमची बाजू भक्कम. आधी मंडळ अधिकाऱ्यांना सोबत घेऊन शेजाऱ्याशी बोला, बरीच प्रकरणं स्थळपाहणीतच मिटतात.

सौरऊर्जा_जालना

मला एक वेगळं विचारायचंय. रातपाळीच्या विजेसाठी घर हलवायचं असेल तर त्यापेक्षा सौर पंप घ्या ना. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाचपर्यंत पाच, पुढं साडेसात. मोटर दिवसा चालते, रात्री जायचा प्रश्नच नाही. आपल्याकडं उन्हाला काय तोटा.

बालाघाटी

पंप घेतला की पॅनेलची राखण आली. वायरी चोरीला जातात, आमच्या शिवारात झालंय. म्हणजे परत वस्तीच.

भूमची_वस्ती

आणि घरातल्या दिव्याचं? शेतीच्या लाइनवर आठ तास वीज, तीही दिवसा नाहीतर रात्री. उन्हाळ्यात पंख्याविना बाळंतीण बाई आणि म्हातारं माणूस कसं काढणार? आम्ही दोन पॅनेल आणि बॅटरी बसवली. दोन पंखे, चार दिवे, मोबाइल, एवढं निभतं. पूर्णाकाठ, पंख्याचा खर्च घराच्या खर्चातच धर, "नंतर बघू"मध्ये टाकू देऊ नको.

रानपाखरू

आजेसासूबाईंबद्दल कुणी लिहिलं नाही. आमच्या आजीला वस्ती आवडायची, पण शेवटच्या वर्षांत ती म्हणायची, "इथं माणसाचा आवाज नाही." तिला देऊळ, कीर्तन, दारावरून जाणारं-येणारं कुणीतरी लागायचं. वडील रोज संध्याकाळी तिला गाडीवर बसवून हरिपाठाला न्यायचे. तेवढ्यानं ती फुलायची.

मांजरा_मावशी

हे खरं. गावातलं घर मोडू नका, विकू नका. एक खोली, चूल आणि देव तिथं राहू द्या. पावसाळ्यात लेकरं आणि म्हातारी गावात, एक बाई त्यांच्यापाशी. हिवाळा-उन्हाळा सगळे रानात. आमच्या भागात बरीच घरं असंच करतात.

गोदा_गुरुजी

मावशींची व्यवस्था मला पटली. शाळाही सुटत नाही.

तिफण

परसबागेचं राहिलं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी वाया घालवू नका, तेवढ्यावर केळी, कढीपत्ता, लिंबू, दोडका सहज जगतो. धाराशिव-लातूरकडं बचत गटातल्या बायांनी एक एकरात घरापुरतं धान्य-भाजी-डाळ असं सगळं लावायची पद्धत रुजवली. दुष्काळाच्या सालातही त्या घरांत खायला होतं, आणि त्या एकरात काय लावायचं हे बायाच ठरवतात. सगळ्या रानात विकायचंच पीक लावण्यापेक्षा तेवढा एक एकर आत्याबाईंच्या नावानं सोडा.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा पूर्ण धागा मी मोठ्यानं वाचला, आजेसासूबाईंसकट सगळे बसले होते. जे ठरलं ते लिहिते.

जायचं, पण या पावसाळ्याआधी नाही. आधी रस्ता. सातबारा दादांनी सांगितलं तसा गावनकाशा काढायला हे सोमवारी जिंतूरला जातायत. मृगाच्या आधी हौदाचा खड्डा. छप्पर अजून नाही, म्हणून यंदा गोठ्याच्या पत्र्यांना पन्हाळी लावून जेवढं पाणी येईल तेवढं साठवायचं. पावसात पश्चिमेला शेवगा, हदगा, कडुनिंब. दिवाळीनंतर बांधकाम, न्हाणी-संडास पहिला. गावातलं घर तसंच ठेवायचं, जून ते सप्टेंबर आजेसासूबाई, लेकरं आणि मी गावात. दुधाच्या पैशाचं मी बोलले. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हशीचे तुझे, गायीचे तुझ्या सासूचे." आत्या म्हणाल्या, मग मी येते.

एकच राहिलं. माळवद नाही हे ठरलंय, पण स्लॅब की पत्रा-तट्ट्या यावर मामा आणि यांचं जमत नाहीये. खर्च बघता मामा पत्र्याचं म्हणतात.

ओळंबा

झोपायच्या दोन खोल्यांना स्लॅब, स्वयंपाकघर-पडवी-कोठीला पत्रा आणि तट्ट्या. स्लॅबवर जिना काढा, वाळवणाला आणि रात्री झोपायला गच्ची मिळते. सगळ्या छपरांचा उतार हौदाच्या बाजूला ठेवा. नकाशा कागदावर काढून इथे टाका, खिडक्या बघून सांगतो.

आडातलं_पाणी

गोठ्याच्या पत्र्यावरचं पाणी जनावरांना आणि झाडांना वापरा, पिण्याला नको. वर कोंबड्या-कबुतरं बसतात. पिण्याचा हौद वेगळा, घराच्या छपराचा. आणि खड्डा खणताना मुरूम लागला तर तो फेकू नका, पाणंदीवर टाका.

भूमची_वस्ती

हौदाच्या झाकणाला कुलूप, ताई. लेकरं लहान आहेत.